पाणकावळा बसला की सांगा

मी आणे गावची. आमच्या पठारावर पाणी म्हणजे टँकर, आणि टँकर म्हणजे भांडण. लहानपणी सगळ्यात जास्त पाणी मी पाहिलं ते शाळेच्या टाकीत, तेही वाकून. अशा बाईला नर्सची नोकरी लागली आणि नेमणूक कुठं? डिंभे धरणाच्या पलीकडच्या वाड्यांवर. तिकडं ना रस्ता, ना गाडी. होडीतून जायचं. ऑर्डर हातात आली त्या दिवशी मी ती दोनदा वाचली आणि आमच्या ह्यांच्यावर ओरडले. ह्यांची शाळा घोडेगावात, म्हणून इकडची नेमणूक मागितली होती मीच. तरी ओरडले.

पण हे माझं पुराण नाही. मला सांगायचंय ते सोमाजी केंगल्यांचं. त्यांच्याबद्दल आणि त्यांच्या बायकोबद्दल, झुंबरबाईंबद्दल, बाजारात लोक वाट्टेल ते बोलतात. बोलणाऱ्यांपैकी त्या दिवशी होडीत कुणीही नव्हतं. मी होते.

शहाण्णव सालच्या डिसेंबरात मी पहिल्यांदा काठावर उभी राहिले. गळ्यात लशींचा डबा, काखेत रजिस्टर. होडीत एक काटकुळा माणूस, चाळिशीचा, अंगात विटका खाकी शर्ट, डोक्याला टॉवेल. जुनं गाव ह्याच पाण्याखाली गेलेलं, आता वर उंबरवाडीत घर. मासेमारी करायची, आणि कुणाला पलीकडं जायचं असेल तर सोडायचं. त्यांनी हात पुढं केला. मी तो असा धरला की सोडायलाच तयार नाही.

"सिस्टर, हात सोडा, मला वल्ही मारायचीत. पाण्याकडं बघू नका. समूर बघा. पाणकावळा बसला की सांगा."

माझं डोकंच फिरलं. मी इथं जीव मुठीत धरून बसलेय आणि ह्या माणसाला पक्षी सुचतायत! पण थट्टा नव्हती ती. वल्ही मारणारा माणूस पाठमोरा बसतो. होडी जाते पुढं आणि तो बघतो मागं. आणि पाण्याखाली काय असतं? धरण भरायच्या आधी झाडं तोडली, पण खोडं तशीच राहिली, कुठं कमरेएवढी, कुठं पुरुषभर. पावसाळ्यात ती खोल असतात. दिवाळीनंतर कालव्याला पाणी सुटतं, धरण दर आठवड्याला उतरतं आणि एकेक खोड वर यायला लागतं. वर आलेलं निदान दिसतं तरी. जे चार बोटं पाण्याखाली असतं ते होडी फोडतं. ते माणसाला दिसत नाही, पण पाणकावळ्याला बरोबर ठाऊक असतं. मासे खाऊन झाले की पंख वाळवायला त्याला जागा लागते, तो त्याच खोडावर उतरतो. लांबून बघावं तर पक्षी पाण्यावरच उभा. पक्षी पाण्यावर उभा दिसला की खाली खोड. बदकं तरंगत असली की खोल. बगळा एका पायावर असला की गुडघाभर पाणी आणि गाळ.

पहिल्या खेपेला मी पंचवीस पाणकावळे सांगितले. त्यातले निम्मे पाणकावळे नव्हतेच, काटक्या होत्या. सोमाजीभाऊंनी प्रत्येक वेळी होडी वळवली. एकदाही हसले नाहीत. उतरताना एवढंच म्हणाले, "काटकीला चोच नसती, सिस्टर."

दहा वर्षं मी त्या होडीतून गेले. भीती गेली असं कुणी म्हणालं तर खोटं आहे, ती कधीच गेली नाही. दर गुरुवारी चढताना भाऊंचा हात तसाच घट्ट धरायची. पण डोळे तयार झाले. भीती वाटू नये म्हणून मी पक्षी मोजायला लागले आणि लसीकरणाच्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहायला लागले. पाणकावळे साठ, राखी बगळे सात, शेकाट्या अकरा, तांबडी बदकं चाळीसच्या वर. एकदा वरच्या बाईंनी रजिस्टर तपासलं आणि विचारलं, "हे कुठल्या वाडीचे लाभार्थी?" चांगल्याच झापल्या मला. मी दुसरी वही घातली, पण मोजायचं सोडलं नाही.

नव्व्याण्णवपासून थंडीत पुण्याचे दुर्बिणवाले यायला लागले. सोमाजीभाऊ त्यांना होडीतून फिरवायचे. ते पुस्तक उघडून सांगायचे, हा तमका, तो अमका. भाऊंकडं आपली वाडीतली नावं तयारच. एकदा गुरुवारी मीही त्यांच्याबरोबर होडीत होते. एकानं तांबड्या बदकांकडं बोट दाखवून सांगितलं, "हे चक्रवाक. हिमालयाच्या पलीकडून येतात." सोमाजीभाऊ म्हणाले, "येवढ्या लांबून? आमच्या हरभऱ्यावर?"

सगळे हसले. पण भाऊ हसण्यासाठी म्हणाले नव्हते. पाणी उतरलं की काठाचा गाळ उघडा पडतो. त्यात नांगर न घालता बी फेकायचं, हरभरा, गहू. ह्याला गाळपेर म्हणतात. शेती पाण्यात गेलेल्या माणसांना तेवढंच रान उरलेलं. झुंबरबाई त्या गाळावर जिवाचं रान करायच्या. बाई मोठ्या कडक, उंच, आवाज असा की ह्या काठावरून हाक मारली तर त्या काठाची शेळी थांबावी. कोंब वर आले की पहाटे बदकांचा थवा उतरायचा आणि अर्धं रान साफ. झुंबरबाई पत्र्याचा डबा बडवत काठानं पळायच्या. बदकं उडायची, फिरून मागं येऊन बसायची. सलग दोन वर्षं त्यांच्या हाती दाणा लागला नव्हता. मी हे दर गुरुवारी बघत होते, आणि खरं सांगायचं तर मला हसू यायचं. मला बदकं मोजायला मिळत होती ना!

दोन हजार सहाच्या जानेवारीत एका दुर्बिणवाल्यानं भाऊंना सांगितलं, की ह्या पक्ष्यांना मारलं तर तुरुंग आहे. परतताना भाऊंनी मला विचारलं, "खरं का, सिस्टर? बायामाणसांला पन टाकत्यात?"

मी म्हटलं, "कायद्याला बाई नाही आणि पुरुष नाही, भाऊ." मोठ्या ऐटीत म्हटलं. का विचारतायत हे मात्र विचारलं नाही.

पुढच्याच महिन्यात टीव्हीवर बर्ड फ्लू सुरू झाला. तिकडं खानदेशात पांढरे झगे घातलेली माणसं पोत्यात कोंबड्या भरताना दाखवत होते. आमची घाईघाईनं मीटिंग झाली. मेलेला पक्षी दिसला तर हात लावायचा नाही, तातडीनं फोन करायचा. रोग निघाला तर आसपासच्या सगळ्या कोंबड्या मारणार. मेलेल्या पक्ष्याला हात लावलेला माणूस आजारी पडला तर त्याला वेगळं ठेवायचं, पुण्याहून गाडी येऊन नेईल. मी ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांपुढं उंबरवाडीची घरं येत होती. तिथं प्रत्येक घरात कोंबड्या. देवीला कोंबडं, पाव्हण्याला कोंबडं, अडीनडीला अंडी. त्या बायकांच्या हातात दुसरं होतं काय?

त्यानंतरचा गुरुवार. सोमाजीभाऊ उशिरा आले. थंडीचे दिवस, मी स्वेटर घालून कुडकुडतेय आणि भाऊंचा शर्ट घामानं ओला. सारखे थुंकत होते. मी विचारलं, "बरं नाही का?" तर म्हणाले, "पित्त झालंय. बसा." मी बसले. आजही वाटतं, तिथंच थांबवायला हवं होतं.

निम्मं पाणी ओलांडलं असेल. समोर थवा दिसला. मी सवयीनं सांगितलं, "बदकं तरंगतायत, खोल आहे, चला." होडी जवळ गेली. मग मी पाहिलं, एकाचीही मान वर नव्हती.

नऊ होती. तांबडी, पोटं वर, पंख पसरलेले. मी ओरडले, "भाऊ, थांबा! हात लावू नका!"

भाऊंनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

"कधीपासून मरतायत?"

"काल."

"तुम्ही हात लावलात?" ते वल्ही मारत राहिले. मी पुन्हा विचारलं, "भाऊ, खाल्लं का तुम्ही?"

"सकाळी कलेजी आन् पोटा भाजून खाल्ला. बाकीचं घरात टांगून ठेवलंय. मी एकट्यानंच खाल्लंय, झुंबर गाळावर व्हती."

"कशानं मेली ही बदकं?"

"त्यो रोग. टीव्हीवर दाखवत्यात त्योच," भाऊ म्हणाले. फार लवकर म्हणाले. ह्या माणसाला साधं "जेवलात का" विचारलं तरी उत्तराला वेळ लागायचा.

एवढं बोलले आणि होडीच्या कडेवरून वाकून ओकले. उजव्या दंडावरचं मांस आपोआप उडत होतं, थडथड. वल्हं हातातून सुटलं. मी झडप घालून ते धरलं नसतं तर गेलंच होतं पाण्यात.

आता खरं ते सांगते. मी मागं सरकले. घरी माझ्या दोन मुली, तेजस्विनी आणि प्राची, धाकटी दुसरीत. मला ते पांढरे झगे दिसत होते. होडीत मागं सरकायला जागा किती असते? वीतभर. तेवढी मी सरकले, पदर नाकाला लावला आणि बसून राहिले. भाऊ माझ्याकडं बघत होते. त्यांच्या तोंडातून लाळ गळत होती आणि ती पुसायलाही त्यांचा हात उठत नव्हता. त्यांना कळलं मी का सरकले ते. म्हणाले, "बरोबर हाय, सिस्टर. लांबच बसा."

ते ऐकलं आणि मला माझीच अशी चीड आली की मी उठून त्यांच्याजवळ गेले. होडी हलली तरी गेले. त्यांच्या पापण्या वर केल्या. डोळ्यांतली बाहुली मोहरीएवढी झालेली.

असे डोळे मी आधी पाहिले होते. माझं सासर आळे गावचं. माझा दीर संपत टोमॅटोवर फवारणी करताना असाच पडला होता. असाच घाम, अशीच लाळ, असंच थडथडणारं मांस, अशीच मोहरीएवढी बाहुली. तो रोग नव्हता. ते औषध चढलं होतं. त्याच्यावर इंजेक्शन असतं, आणि ते वेळेवर मिळालं तर माणूस वाचतो.

"भाऊ, हे विष आहे. कुणी टाकलं?"

"रोग हाय."

"अहो, मराल तुम्ही! पुण्याची गाडी येईपर्यंत वेगळं कोंडून ठेवतील तुम्हाला! खरं सांगा!"

"रोगच हाय," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. मग मला एकदम महिन्यापूर्वीचा प्रश्न आठवला. बायामाणसांला पन टाकत्यात? हा माणूस बायकोला वाचवायला मरायला निघाला होता.

मी होडी परत फिरवायची ठरवली. पुढं वाडी, तिथं काय होतं? मागं रस्ता होता, जीप होती. पण वल्ही? नऊ वर्षं त्या होडीत बसले, पण वल्ह्याला कधी हात लावला नव्हता. भाऊंना मागच्या फळीला टेकवून ठेवलं, मी त्यांच्या जागी बसले. आणि मग लक्षात आलं की आता मी पाठमोरी. जायचंय तिकडचं मला काही दिसत नाही. दिसतात ते भाऊ आणि मागं राहिलेली मेलेली बदकं.

"भाऊ, डोळे उघडा. पाणकावळा बसला की सांगा."

पहिली दहा मिनिटं होडी नुसती गोल फिरली. मी स्वतःला शिव्या घातल्या, भाऊंना घातल्या, धरण बांधणाऱ्याला घातल्या. मग जमलं थोडं. भाऊ मधेच पुटपुटायचे, "डावीकडं येक... वळवा." मी वळवायची. मधेच गप्प व्हायचे, मान छातीवर पडायची, आणि मी किंचाळायची, "भाऊ, बोला! काय दिसतंय?"

"काळं दिसतंय कायतरी."

"चोच आहे का त्याला?"

"कळत नाय. सगळं अंधारलंय."

तेवढ्यात होडीच्या तळाला खालून काहीतरी खरडत गेलं, लांबच लांब, शेवटपर्यंत. फळी फुटली असती तर आम्ही दोघंही तिथंच संपलो असतो, मला पोहता येत नाही आणि भाऊंना आता येणार नव्हतं. पाणी आत आलं नाही. मी पुन्हा वल्ही मारायला लागले. हाताला फोड येऊन फुटले ते मला काठावर गेल्यावर कळलं.

काठावर शिटा भरणाऱ्या रामनाथची जीप होती. मी त्याला सांगितलं, "उलट्या होतायत, उचल लवकर." बदकांचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर त्यानं जीपमध्ये घेतलंच नसतं. त्यालाही लहान मुलं आहेत. हे मी केलं आणि मला ते कळत होतं.

रस्त्यात जो पहिला दवाखाना लागला तिथं नेलं. नाव कशाला घेऊ, डॉक्टर बिचारे नवीन होते आणि सगळा देश घाबरलेला होता. भाऊंना टेबलावर घातलं तेव्हा भाऊ स्वतःच म्हणाले, "मेलेली बदकं खाल्ली. रोगाची." डॉक्टर दोन पावलं मागं गेले. रुमाल नाकाला लावला आणि फोनकडं वळले.

मी म्हटलं, "डॉक्टर, विष आहे. बाहुल्या बघा."

"सिस्टर, तुम्हाला सूचना माहीत आहेत ना? मेलेले पक्षी खाल्लेत ह्यांनी."

"बदकांना औषध घातलेलं होतं."

"कशावरून? कुणी सांगितलं?"

भाऊ टेबलावरून मान हलवत होते, नाही, नाही. त्यांच्या छातीतून पाण्यात बुडबुडे यावेत तसा आवाज यायला लागला होता. आता वेळ नव्हता.

"मी पाहिलंय," मी म्हणाले. "औषधाची पुडी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय. गव्हाला चोळलेलं."

सरळ सरळ खोटं. मी काहीही पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, मग फोन ठेवला, जवळ आले, बाहुल्या पाहिल्या आणि इंजेक्शन भरलं. तसं त्यांनी केसपेपरवर लिहिलं, की सोबतच्या परिचारिकेनं विषाची पुडी प्रत्यक्ष पाहिली आहे.

त्यानंतरचे तासच्या तास मी भिंतीला टेकून उभी होते. थोड्या थोड्या वेळानं इंजेक्शन. शेजारच्या खाटेवर तापानं फणफणलेलं एक पोर, त्याची आई त्याला भात भरवतेय. मनात एकच. मी चुकले असले तर? तो रोगच असला तर? तर मी तो रोग जीपमधून आणून ह्या पोराच्या शेजारी झोपवलाय. हात धुऊन धुऊन माझ्या फुटलेल्या फोडांची आग आग झाली. फोन करायला हवा होता मेलेल्या बदकांचा, तोही अजून केला नव्हता. फोन केला की पांढरे झगे आधी इथंच येणार आणि इंजेक्शनं थांबणार, ही भीती.

दुपारी झुंबरबाई आल्या. दुसऱ्या कुणाच्या तरी होडीतून, अनवाणी, पायाला पोटरीपर्यंत गाळ. मी त्यांना बाहेरच अडवलं.

"झुंबरबाई, गाळावर काय टाकलं होतं?"

"काय नाय."

"त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. कुठलं औषध?"

"सिस्टर, मी काय टाकलं नाय. देवाशपथ नाय." तो मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"घरात टांगलेली बदकं कुठंयत?"

"पुरली."

"का पुरली?"

त्या पायाचा गाळ पायरीला घासायला लागल्या. रोगाच्या भीतीनंही माणूस पुरतंच की! ह्या खरं बोलत असल्या तर मी मेले. मी त्यांना घट्ट दंडाला धरून गदागदा हलवलं, दवाखान्याच्या दारात, सगळ्यांसमोर. त्यांनी हलवू दिलं.

चारच्या सुमाराला भाऊंची लाळ थांबली. छातीतला आवाज कमी झाला. मी बॅटरी मारून बाहुली पाहिली. मोठी होत होती. इंजेक्शन लागू पडलं होतं. म्हणजे विषच. मी तिथंच खाली फरशीवर बसले आणि मग उठून सगळ्यात आधी बदकांचा फोन केला.

परत आले तर भाऊ शुद्धीवर. मी कानाजवळ वाकून म्हटलं, "आता तरी सांगा. विष आहे हे माहीत असून खाल्लंत?"

भाऊंनी दाराकडं पाहिलं, झुंबरबाई बाहेर आहेत याची खात्री केली. मग हळू म्हणाले, "वढ्यात आमी झाडाची साल कुटून टाकतो. मासं गुंगून वर येत्यात. भाजलं की झालं. आज्यापासून खातोय, कुनाला काय झालं नाय. मला वाटलं तसंच असंल ह्ये बी. मेलेलं वाया कशाला घालवायचं?"

त्यांच्या साऱ्या आयुष्यात विष म्हणजे ती साल. माशाला झोपवणारी आणि माणसाला काही न करणारी. आमच्याकडं आळ्याला लहान पोरालाही ठाऊक असतं की औषधाच्या डब्याला शिवायचं नाही. ह्यांना कुणी सांगितलं होतं? मी दर गुरुवारी जात होते, मी तरी सांगितलं होतं का?

"पन तिचं नाव घेऊ नका, सिस्टर," भाऊ म्हणाले. "तिला टाकतील."

विषाची केस म्हटल्यावर पोलीस येणारच. साडेपाचला हवालदार आले, खुर्ची ओढून खाटेशी बसले. झुंबरबाई दारात उभ्या.

"औषध कुणी टाकलं?"

"मी," भाऊ लगेच म्हणाले.

"तूच टाकलंस आणि तूच खाल्लंस? मला येडा समजतोस काय?" हवालदारांनी केसपेपर पाहिला आणि माझ्याकडं वळले. "सिस्टर, तुम्ही पुडी पाहिली असं इथं लिहिलंय. कुणाच्या हातात पाहिली?"

भाऊंच्या म्हणावं तर हवालदारांना पटणार नाही. झुंबरबाईंच्या म्हणावं तर ज्या बाईनं माझ्यासमोर देवाची शपथ घेतली तिला मी न पाहिलेल्या गोष्टीवरून तुरुंगात घालणार. आणि पाहिलीच नाही म्हणावं, तर नर्सनं खोटं सांगून इंजेक्शन द्यायला लावलं. मग नोकरी गेली. आणि पाहिली म्हणावं, तर वर दुसरा प्रश्न येणार, त्याच दिवशी कळवलं का नाही?

"बोला, सिस्टर. पाहिली की नाही?"

मी केसपेपरवरची ती ओळ पुन्हा वाचायला लागले. डॉक्टरही माझ्याकडं बघत होते.

"माझ्या हातात बघितली," दारातून आवाज आला. तोच मोठा आवाज. झुंबरबाई आत आल्या आणि माझ्या आणि हवालदारांच्या मधे उभ्या राहिल्या. "बाजारातनं आनलं व्हतं मी. गव्हाला चोळत व्हते तवा सिस्टर आल्या. त्यांनी मला लई हटकलं. म्हनल्या, ह्ये टाकू नका, गुन्हा हाय. मी व्हय म्हनले, आन् त्या गेल्यावर टाकलं. ह्यास्नी ठावं नव्हतं. सिस्टरचा काय दोष नाय."

"झुंबर!" भाऊ खाटेवरून ओरडले. झुंबरबाईंनी वळूनही पाहिलं नाही.

"सिस्टर, खरं आहे हे?" हवालदारांनी विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणून.

दहा दिवसांनी बदकांचा रिपोर्ट आला. पोटात विष, रोग नाही. उंबरवाडीची एकही कोंबडी मेली नाही. भाऊ वाचले, उन्हाळ्यापर्यंत पुन्हा वल्ही मारायला लागले. झुंबरबाईंवर केस झाली. अजून तारखा पडतात, भाऊच त्यांना होडीतून घेऊन येतात. लोक म्हणतात नवऱ्याला मारायला निघाली होती. मी भांडते त्यांच्याशी, पण खरं काय ते मात्र सांगत नाही.

त्याच वर्षी पंधरा ऑगस्टला माझा सत्कार झाला. एका साहेबांनी कागद वाचून दाखवला, की ह्या परिचारिकेनं विषप्रयोगाबद्दल वेळीच हटकलं होतं आणि पुढं प्रसंगावधान राखून एका आदिवासी बांधवाचे प्राण वाचवले. उंबरवाडीची माणसं मुद्दाम आली होती. झुंबरबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. "वेळीच हटकलं होतं" हे शब्द आले आणि सगळ्यांत आधी टाळी त्यांनीच वाजवली.